फुग्याची भिंत आणि दख्खनचे आकाश



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना हसू आले असेल. काल-परवा ह्या व्यासपीठावर गंभीर विषय झाले असतील, उद्याही होतील आणि मध्येच हा गृहस्थ फुग्यांविषयी बोलावयास उभा राहिला! फुगा म्हणजे चैत्रात निघोजला मळगंगेची यात्रा भरते तेथे पोराने हट्ट करून घ्यावा आणि घरी पोचण्यापूर्वी फोडावा अशी वस्तू. तिला कसला आला आहे इतिहास? परंतु मला आज तोच सांगावयाचा आहे. आपल्या डोक्यावर, ह्या पारनेरच्या माळावर, सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर काय आहे हे माणसाला प्रथम कळले ते विमानाने नव्हे, अग्निबाणाने नव्हे, तर एका रबरी फुग्याने. आणि जे कळले तेच पुढे दुसऱ्या जातीच्या फुग्यांच्या मुळावर आले. ही हकीकत मला मोठी मनोरंजक वाटते. तिच्यात पुणे आहे, मुंबई आहे, हैदराबाद आहे आणि आपला नगर जिल्हाही वाऱ्याच्या वाटेवर आहे.

आधी फुग्याच्या भिंतीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढची गोष्ट कळावयाची नाही. पोकळ गोळा घ्या, पातळ भिंतीचा, आणि आत हवेचा दाब आहे असे समजा. कलिंगड मधोमध कापावे तसे त्याचे मनात दोन भाग करा. आतला दाब हे दोन अर्धे एकमेकांपासून दूर ढकलतो आहे. तो जितक्या क्षेत्रावर काम करतो ते कापाचे सबंध वर्तुळ. आणि त्यांना धरून ठेवणारे काय? तर त्या वर्तुळाची कड, म्हणजे भिंतीच्या जाडीएवढी एक अरुंद कडी. वर्तुळाचे क्षेत्र त्रिज्येच्या वर्गाने वाढते, कडी मात्र नुसती त्रिज्येच्या प्रमाणात. रस्सीखेचीत एका बाजूला गडी चौपट व्हावेत आणि दुसऱ्या बाजूला दुप्पटच, तसे हे आहे. हिशोब असा निघतो, की भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. शास्त्रीय पुस्तकांत ह्या ताणाला प्रतिबल म्हणतात आणि त्यामुळे भिंत जितकी ताणली जाते त्या मानाला विकृती म्हणतात. मी आपला ताण आणि वाढ हेच शब्द वापरतो.

आता यात्रेतला फुगा घेऊ. फुगवण्यापूर्वी त्याची त्रिज्या तीन सेंटिमीटर आणि रबराची जाडी ०.२७ मिलिमीटर धरा. फुगवून त्रिज्या नऊ सेंटिमीटर केली, म्हणजे तिप्पट. पृष्ठभाग झाला नऊपट. रबराचे घनफळ काही बदलत नाही, ते ताणले तरी तेवढेच राहते. म्हणजे नऊपट जागा झाकावयाची तर जाडी नवव्या हिश्शावर यावयास हवी. ती उरली ०.०३ मिलिमीटर. अशा फुग्यात आतला जादा दाब फार नसतो, पंचवीसएक सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका, म्हणजे हातभर उंचीच्या बादलीच्या तळाशी असतो त्याहूनही कमी. परंतु मघाच्या सूत्रात हे आकडे घाला. त्रिज्या भागिले दुप्पट जाडी हा भागाकार येतो पंधराशे! बादलीच्या तळाचा दाब पंधराशे पटींनी भिंतीत उतरला. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सदतीस किलोंचा ताण त्या तकलादू रबरात आहे, आणि ते पोर त्याला गालाशी धरून चालले आहे. फुगा फुटतो ह्याचे नवल नाही. तो फुगतो आणि टिकतो हेच नवल.

ह्यात आणखी एक गंमत आहे आणि ती आपणा सर्वांच्या अनुभवाची आहे. फुगा फुगवताना पहिली फुंकर जड जाते, गाल दुखतात. पण एकदा का तो लिंबाएवढ्याचा मोसंबीएवढा झाला की पुढे भराभर फुगतो. असे का? कारण फुगा वाढतो तसे रबर घट्ट होते खरे, पण भिंत पातळ होते आणि त्रिज्याही वाढते. ही दोन्ही दाब कमी करणारी कारणे. साध्या रबराचे गणित केले तर त्रिज्या मूळच्या सुमारे १.४ पट होईतो दाब चढतो आणि त्यानंतर उतरू लागतो. पुढे रबराचे धागे अगदी ताणून सरळ होत आले म्हणजे तो पुन्हा चढतो, आणि मग फट्‌! सारख्या जातीचे दोन फुगे, एक थोडा आणि एक पुष्कळ फुगवलेला, एका नळीने जोडून पाहा. बहुतेकांना वाटते की दोन्ही सारखे होतील. प्रत्यक्षात बहुधा लहान फुगा आपली हवा मोठ्याला देऊन आणखी लहान होतो. संसारातही असे घडते, पण तो विषय आजचा नाही.

सायकलच्या दुकानात बसणाऱ्यांना हेच तत्त्व वेगळ्या भाषेत ठाऊक असते. टायर एका जागी फाटला की ट्यूबला ‘फुगा’ येतो. सबंध ट्यूबमध्ये दाब एकच, पण जेथे आधार सुटला तेथे ती ताणली गेली, ताणली म्हणून पातळ झाली, पातळ झाली म्हणून आणखी ताणली गेली. दुबळेपण एका ठिकाणी गोळा होत जाते. ह्या दुष्टचक्रात फुग्याच्या सगळ्या इतिहासाचे मर्म आहे.

आता इतिहासाकडे वळू. इ.स. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि महादजी शिंद्यांचे नाव हिंदुस्थानभर गाजू लागले. ह्याच आपल्या तालुक्यात जामगावला त्यांचा वाडा आहे. त्याच सुमारास, १७८३ साली, फ्रान्स देशात माणसे आकाशात चढू लागली. ४ जून रोजी मोंगोल्फिए बंधूंनी आनोने गावी गरम हवेचा फुगा उडवून दाखविला. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. मला मात्र त्यांच्यापेक्षा जाक शार्ल हा प्राध्यापक अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या शास्त्रीय फुग्यांचा खरा पूर्वज तोच. गंधकाच्या तेजाबात लोखंडाचा कीस टाकून त्याने हायड्रोजन वायू काढला, रबर विरघळवून त्याचा लेप रेशमी कापडाला दिला आणि २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसमध्ये सुमारे चार मीटर व्यासाचा गोळा सोडला. तो पाऊणएक तासाने वीसएक किलोमीटरांवरील गोनेस खेड्याच्या शिवारात पडला. तोंड बंद होते. वर हवेचा दाब कमी झाला, आतला वायू प्रसरण पावू लागला, कापड काही रबरासारखे ताणले जाईना. सूत्राने आपले काम केले आणि भिंत उसवली. खाली शेतकऱ्यांनी पाहिले, की आकाशातून एक धापा टाकणारे, घाण वास सोडणारे जनावर पडले आहे. त्यांनी दाताळी घेऊन त्याचा निकाल लावला. पुढे फ्रेंच सरकारला जाहीरनामा काढावा लागला, की असे काही आकाशातून आले तर भिऊ नये, ते अपायकारक नाही. हा जाहीरनामा लक्षात ठेवा.

शार्ल शहाणा मनुष्य होता. १ डिसेंबरला तो स्वतः वर गेला तेव्हा त्याने फुग्याचे खालचे तोंड उघडे ठेवले. जादा वायू आपोआप निघून जावा, आत-बाहेरच्या दाबात फरकच पडू नये, म्हणजे ताणही पडावयाचा नाही. भिंत बळकट करता येत नसेल तर तिच्यावरचे ओझे काढून घ्यावे, ही ती युक्ती. दीडशेहून अधिक वर्षांनी ती पुन्हा उपयोगी पडली.

रबराचा खरा ताणणारा फुगा मायकेल फॅरडेने १८२४ साली केला, तोही खेळण्यासाठी नव्हे तर वायूंच्या प्रयोगासाठी. रबराचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून, मध्ये चिकटू नयेत म्हणून पीठ भुरभुरून, कडा दाबून जोडल्या एवढेच. त्या काळचे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हावयाचे. गंधकाने ते सुधारण्याची कृती गुडइयरला १८३९ मध्ये सापडली आणि लवचीक, भरवशाचे रबर मिळू लागले. तरी पुढची साठ वर्षे आकाशशास्त्रज्ञ कागदाचे आणि रेशमाचेच फुगे वापरीत होते. फ्रान्सच्या तेसराँ द बोर याने अशाच फुग्यांनी शेकडो वेळा यंत्रे वर पाठवून १९०२ साली जाहीर केले, की दहा-अकरा किलोमीटरांवर थंडी वाढावयाची थांबते. तेथे वातावरणाचा एक नवा मजला सुरू होतो. ह्या मजल्याला आपण स्थितांबर म्हणतो आणि खालच्या मजल्याचे छत म्हणजे क्षोभसीमा.

त्याच वेळी जर्मनीत रिखार्ट आसमानने एक सुबक कल्पना काढली. बंद तोंडाचा रबरी फुगा घ्यावा आणि तो फुटेल म्हणून न भिता, तो फुटणार हेच गृहीत धरावे. फुगा वर जातो, ताणतो, पातळ होतो, अखेर फुटतो; यंत्र हवाई छत्रीने खाली येते. फुटण्याची उंची भिंतीच्या जाडीने आणि रबराच्या प्रतीने ठरते. तीस किलोमीटरांवर हवेचा दाब जमिनीवरच्या ऐंशी-पंचाऐंशीव्या हिश्शावर येतो. तेथील थंडीची वजावट करूनही वायूचे घनफळ साठ-पासष्ट पट होते. घनफळ चौसष्टपट म्हणजे त्रिज्या चौपट आणि जाडी सोळाव्या हिश्शावर! सोडताना एक विसांश मिलिमीटर असलेले रबर फुटण्याच्या क्षणी तीन सहस्रांश मिलिमीटरांच्या घरात आलेले असते. डोक्याचा केस त्याच्या वीसपट जाड असतो.

हिंदुस्थानात वरच्या हवेची मोजणी प्रथम पतंगांनी झाली. हवामान खात्यातील जे. एच. फील्ड ह्यांनी १९०५ नंतरच्या एक-दोन वर्षांत कराचीस आणि आपल्या सीमेवरील बेळगावास यंत्रे बांधलेले पतंग उडविले. पतंगाला वारा हवा, दोरी हवी, आणि दोरीचे वजन उंचीबरोबर वाढत जाते, म्हणून ती वाट फार दूर जाणारी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आग्र्याला वरच्या हवेची वेधशाळा झाली आणि तेथून फुगे जाऊ लागले. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर पुढेही ‘सिमला ऑफिस’ म्हणत राहिले. मुख्य कार्यालय १९४४ साली दिल्लीला गेले, नाव मात्र तेथेच राहिले.

१९२८ ते १९३१ ह्या काळात पुण्याहून आणि हैदराबादेहून रबरी फुगे सोडण्यात आले. त्यांखाली डाइन्सचे यंत्र टांगलेले असे. हे यंत्र म्हणजे चातुर्याचा एक नमुनाच म्हणावयाचा. त्यात रेडिओ नव्हता, घड्याळ नव्हते, शाई नव्हती. दाब आणि तपमान बदलले की दोन सुया टपालाच्या तिकिटाएवढ्या धातूच्या पत्र्यावर ओरखडे काढीत. पत्रा हाती आला की सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ओरखड्यांची अंतरे मोजावयाची. पण पत्रा हाती यावा कसा? फुगा फुटला म्हणजे यंत्र कुठल्या तरी रानात, कुठल्या तरी बांधावर पडणार. त्याला चिठ्ठी जोडलेली असे: परत आणून देणाऱ्यास बक्षीस मिळेल.

येथे थोडा थांबतो. दख्खनवर हिवाळ्यात आठ-दहा किलोमीटरांपासून वर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. पावसाळ्यात तो उलटतो. म्हणजे पौष-माघात पुण्याहून सोडलेला फुगा साहजिकच दौंड, शिरूर, श्रीगोंदे, पारनेर ह्या बाजूला निघावयाचा, आणि श्रावणातला सह्याद्रीकडे, कोकणाकडे. श्रावणातल्या फुग्याचे यंत्र जंगलात किंवा समुद्रात जाण्याची भीती अधिक. माघातल्या फुग्याचे कापणीला आलेल्या ज्वारीत सापडण्याची आशा अधिक. पाश्चात्त्य पुस्तकांत ह्या शोधांचे श्रेय यंत्र करणाऱ्याला आणि हिशोब करणाऱ्याला दिलेले असते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याला अक्षरओळख नव्हती अशा कुणा राखणदाराने ती चमत्कारिक पेटी न फोडता, पोराला खेळावयास न देता, पाटलाकडे किंवा टपालकचेरीत नेऊन दिली नसती, तर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावयास काहीच आले नसते. गोनेसच्या शेतकऱ्यांनी दाताळी उचलली. आमच्या शेतकऱ्यांनी पेटी उचलली. बक्षिसाची आशा असेल, नाही असे नाही. पण पेटी परत आली हे खरे.

ह्या परत आलेल्या पत्र्यांतून काय निघाले? के. आर. रामनाथन हे केरळातील पालघाटचे, सर सी. व्ही. रामन ह्यांचे शिष्य, १९२५ मध्ये हवामान खात्यात आले होते. हिंदुस्थानातील आणि इतर देशांतील मोजण्या एकत्र करून त्यांनी १९२९ साली वातावरणाच्या तपमानाचे जे चित्र ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केले ते जगभर मान्य झाले. सामान्य समजूत अशी, की विषुववृत्ताकडे उष्ण आणि ध्रुवाकडे थंड. जमिनीवर ते खरे. परंतु वर गेल्यावर उलट! ध्रुवाकडे क्षोभसीमा आठ-नऊ किलोमीटरांवर लागते आणि तेथे शून्याखाली पन्नासएक अंश थंडी असते. आपल्या बाजूला तीच सीमा सोळा-सतरा किलोमीटरांवर आहे आणि थंडी उणे ऐंशी अंश किंवा त्याहूनही खाली. उष्ण प्रदेशातील हवा अधिक उंच चढते, चढताना प्रसरण पावते, आणि प्रसरण पावता पावता गार होत जाते. म्हणून छत उंच आणि थंड. वैशाखात पारनेरच्या माळावर पाय भाजत असतात तेव्हा बरोबर डोक्यावर, पुण्याच्या वाटेवर सुप्याच्या पलीकडे जाण्याइतक्या अंतरावर, सैबेरियाच्या हिवाळ्याहून कडक थंडी पसरलेली असते. ही गोष्ट मला प्रथम कळली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता वर पाहत राहिलो होतो.

१९४० नंतर रेडिओ बसविलेली यंत्रे आली आणि पेटी परत येण्यावर मोजणी अवलंबून राहिली नाही. पण तोपर्यंत फुग्याकडे दुसरे एक गिऱ्हाईक आले होते: विश्वकिरणांचा अभ्यास करणारे पदार्थविज्ञानी. १९३९-४० च्या हिवाळ्यात अमेरिकेचे मिलिकन आपल्या सहकाऱ्यांसह हिंदुस्थानात आले आणि आग्रा, पेशावर, बंगलोर येथून त्यांनी रबरी फुगे सोडले. डॉ. होमी भाभा तेव्हा बंगलोरला होते. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, लवकरच ती मुंबईस आली, आणि तेथे फुग्यांचे काम सुरू झाले. प्रथम रबरी फुग्यांचे झुबके वापरीत. अडचण अशी, की रबरी फुग्याला मध्ये कुठे थांबणे ठाऊक नाही. तो चढतो, फुगतो, फुटतो. विश्वकिरणांच्या छायापट्ट्यांना तर तासन्‌तास एकाच उंचीवर तरंगत राहणे हवे होते. शिवाय झुबक्यातला एकेक फुगा आपापल्या भिंतीच्या प्रतीप्रमाणे कधीही फुटणार.

उपाय सापडला तो प्लॅस्टिकमध्ये. अमेरिकेत २५ सप्टेंबर १९४७ रोजी ऑटो विंझेन ह्यांच्या खटपटीने पॉलिथीनचा पहिला मोठा फुगा गेला. ह्या फुग्याचे तत्त्व म्हणजे शार्लचे १ डिसेंबरचे तत्त्व: खालचे तोंड उघडे. भिंत ताणावयाचीच नाही; घड्या उलगडत जावयाचे. जमिनीवरून निघताना सबंध घनफळाच्या तीनशेव्या भागाएवढाच वायू शेंड्याशी बुडबुड्यासारखा असतो आणि बाकीचा फुगा धोतराच्या सोग्यासारखा खाली लोंबत असतो. वर जावे तसतसा तो भरत जातो, आणि पूर्ण भरला म्हणजे जादा वायू खालून निघून जातो व फुगा तेथेच तरंगतो. तोंडाशी दाबाचा फरक शून्य, शेंड्याकडे थोडासा. तेवढा पातळ भिंतीला सोसतो.

१९५० नंतरच्या दशकात टाटा संस्थेने असे फुगे स्वतःच करावयास घेतले. १९६१ पासून हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून ते सोडले जाऊ लागले आणि १९६९ मध्ये तेथे कायमचे केंद्र उभे राहिले. हैदराबादच का? चहूकडे जमीन, म्हणून यंत्रे परत मिळावयाची. आणि भूचुंबकीय विषुववृत्त जवळ, म्हणून नको असलेल्या कणांचा उपद्रव कमी. स्थान उत्तम होते. परंतु डोक्यावर रामनाथनांची थंडी होती.

रबराने तिचा शोध लावला होता, तोही सोपेपणाने नव्हे, कारण उणे सत्तराच्या आसपास रबरही आपला लवचीकपणा सोडून ताठ होऊ लागते. पॉलिथीनची परीक्षा अधिक कठीण होती. ते क्षोभसीमेजवळ पोचते तेव्हा अजून पुरते उलगडलेले नसते. घड्या सुटत असतात, वारा त्यांना फडफडवीत असतो, एकेका घडीवर ओढ बसत असते. मऊ असताना फिल्म ही ओढ थोडी ताणून घेऊन पसरवून टाकते. थंडीने ती काचेसारखी ठिसूळ झाली म्हणजे ताणणे संपले, आणि ओढ एका रेघेवर साठून चीर जाते. युरोप-अमेरिकेच्या मध्यम अक्षांशांत क्षोभसीमेवर उणे पंचावन्न-साठ अंश असतात. तेथे निर्वेध जाणारे फुगे उष्ण कटिबंधातल्या उणे ऐंशी-नव्वदांत फाटण्याचे प्रमाण मोठे होते. म्हणजे बाहेरची वस्तू नुसती आणून भागणार नव्हते. आमच्या आकाशाला आमची भिंत हवी होती. १९९० नंतर क्ष-किरणांच्या दुर्बिणी बेचाळीस किलोमीटरांपर्यंत नेण्याची निकड उत्पन्न झाली तेव्हा हैदराबादच्या मंडळींनी देशातच अशी फिल्म करण्याचे काम हाती घेतले आणि ते तडीस नेले.

ही फिल्म कशी करतात हे पाहिले म्हणजे मौज वाटते. प्लॅस्टिक वितळवून त्याची नळी काढतात आणि तिच्यात हवा भरून तिचा उभा फुगा करतात. तो फुगतो तशी भिंत पातळ होते, गार होते, मग तो चपटा करून गुंडाळतात. फुगा करण्यासाठी आधी फुगाच! मघाचे सायकलच्या ट्यूबचे दुष्टचक्र येथेही टपलेले असते. कुठे जरा अधिक उष्ण राहिले, जरा पातळ झाले, की तेथे आणखी ताण. सारखी जाडी राखणे हेच सगळे कौशल्य, कारण वर आकाशात फुगा सरासरी जाडीच्या जोरावर टिकत नाही, सर्वांत दुबळ्या जागेच्या जोरावर टिकतो.

ह्या भिंतीच्या आश्रयाने कसली कामे झाली? एकच सांगतो, कारण ते आपल्या जयंत नारळीकरांशी संबंधित आहे. सूक्ष्म जीव अंतराळातून पृथ्वीवर येत असतील काय, ह्या प्रश्नासाठी त्यांनी २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादेहून फुगे पाठवून एकेचाळीस किलोमीटरांपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणविली. दुसऱ्या खेपेच्या फुग्याचे घनफळ २ कोटी ६७ लक्ष घनफूट होते. खाली ४५९ किलोंचे यंत्र, त्यात हवा गोठवून घेण्यासाठी ३८ किलो द्रवरूप निऑन. एवढ्या घनफळाचा गोल धरला तर त्याचा व्यास एकशे तेरा मीटर येतो. सोलापूरच्या पुढे विजापूरला जाऊन ज्यांनी गोल घुमट पाहिला आहे त्यांनी आठवावे: त्याचा आतला व्यास सुमारे अडतीस मीटर. म्हणजे ह्या फुग्यात तो सबंध घुमट, खालच्या इमारतीसकट, सहज मावला असता. घुमटाची भिंत हातांनी मोजावी अशी जाड, कारण दगड-चुन्याला दाबाने चेपणे सोसते, ताणणे सोसत नाही. फुग्याचे नेमके उलट: तो केवळ ताणावर उभा. वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, एवढी भिंत धरली तर त्या गोलाला लागणारी फिल्म सुमारे चाळीस हजार चौरस मीटर होते. आपल्या भाषेत दहा एकर! आणि त्या दहा एकरांचे वजन साडेसातशे किलोंच्या आत.

हैदराबादच्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी नमुने स्वतंत्रपणे तपासले आणि २००९ साली जाहीर झाले, की त्यांत जंतूंच्या तीन नव्या जाती आहेत. एकीला फ्रेड हॉइल ह्यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटांचे नाव देण्यात आले. ते जंतू अंतराळातून आले असे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. माझ्या मते हा त्यांचा मोठेपणा आहे. कारण नारळीकरांना ते सिद्ध झालेले मनापासून आवडले असते. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. प्रश्न अजून उघडा आहे.

त्यानंतर हैदराबादेस फिल्म आणखी पातळ होत गेली. तीन मायक्रॉनहून कमी भिंतीचे लहान फुगे एक्कावन्न किलोमीटरांच्याही वर गेले, म्हणजे स्थितांबर ओलांडून पुढच्या मजल्याच्या दारापर्यंत. रबरी फुगा फुटण्याच्या क्षणी जेवढा पातळ होतो, तेवढी पातळ भिंत घेऊन हा फुगा जमिनीवरूनच निघतो आणि उणे ऐंशीतून पार होतो.

मोठे फुगे सोडण्यापूर्वी संस्था वर्तमानपत्रांत निवेदन देते. ऋतूप्रमाणे वारा त्यांना विशाखापट्टण, हैदराबाद, सोलापूर ह्या रेषेत दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरांवर नेतो, म्हणून लातूर, नांदेड, सोलापूर ह्या जिल्ह्यांतील लोकांना विनंती असते: अशी पेटी शिवारात आढळली तर उघडू नये, आत विजेचा दाब असू शकतो, नाजूक यंत्रे असतात, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपालकचेरीत कळवावे, योग्य बक्षीस आणि खर्च देण्यात येईल. पेटीबरोबर एकरांनी मोजावी एवढी फिल्मही पडलेली असते. कुणाला वाटेल, की कांद्याच्या चाळीवर घालावयास बरी आहे. पण ती इतकी पातळ, की पहिल्याच वावटळीत तिच्या चिंध्या होतील.